रोजची फक्की

मेश्राम बाई माणसाचं तोंड नंतर पाहायच्या, आधी चाल पाहायच्या. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या तेव्हा मी आठवीत होते. डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड घेऊन शाळेसमोरून चालले होते, तर फाटकातून आवाज आला, "काय व, सारा भार डाव्या पायावर काहून देऊन राह्यली? उजवा गुडघा दुखते काय?" ओळख ना पाळख! मी फटकन म्हटलं, "नाही दुखत." त्या म्हणाल्या, "बरं. मंग संध्याकाळी कबड्डीले येजो. दुखत असंन तं जरा लवकर येजो." मी लवकर गेले.

ठेंगणी, सावळी बाई. साडी खोचलेली, पायात पांढरे कापडी बूट आणि गळ्यात शिट्टी. लग्नाच्या पंगतीलाही तेच बूट. आई म्हणायची, "बाप्पा, ह्या बाई झोपतही बुटातच असतीन." नागपूरला एका दवाखान्यात दोन उन्हाळे राहून त्या हाडा-स्नायूंचे व्यायाम शिकून आल्या होत्या. दर रविवारी सकाळी आमच्या विहाराच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसायच्या. निंदण करून आणि कापूस वेचून कंबरेत वाकलेल्या बाया रांगेनं यायच्या. "मी डॉक्टर नोहो माय," त्या प्रत्येकीला बजावायच्या. "हाड मोडलं असंन तं यवतमाळले जाय. रुसलं असंन तं माह्याजवळ बस."

त्यांची फी म्हणजे एक टोपलं लाल माती. आमचं मैदान म्हणजे कपाशीचीच काळी जमीन. पावसाळ्यात पाय रुतायचा आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. मुली त्यात पाय मुरगळून घ्यायच्या. बाईंचा नियम असा, की दुखणं बरं झालं की ज्याचं त्यानं टेकडीवरून एक टोपलं माती डोक्यावर आणून मैदानात टाकायची. सरपंचांचा गुडघा बरा झाला, तर त्यांनी गड्याच्या डोक्यावर दोन टोपली पाठवली. बाईंनी टोपली जशीच्या तशी परत धाडली. "गुडघा गड्याचा बरा नाही झाला म्हणा. ज्याचा झाला त्यानं यावं." दुसऱ्या दिवशी सरपंच स्वतः टोपलं घेऊन आले. सारं गाव बघायला उभं होतं. दोन वर्षांत आमचं मैदान असं झालं, की धाडकन पडलं तरी खरचटेना.

रागही भयंकर होता हं त्यांचा. सरावाला पाच मिनिटं उशीर झाला की मैदानाला दहा चकरा, मग पाहुणे आलेले असोत की घरात कोणाला ताप असो. मी तर वर्षभर चकराच मारल्या. पण वेचणीच्या दिवसांत घरचे आम्हाला सोडत नसत, तेव्हा बाई ओरडल्या नाहीत. दुपारी शाळा सुटल्यावर सरळ आमच्या वावरात आल्या, कंबरेला कापूस टाकायची ओटी बांधली आणि माझ्या शेजारच्या तासाला, कपाशीच्या ओळीला, लागल्या. चार वाजेस्तोवर दोघींनी मिळून माझ्या वाटणीचा कापूस वेचला. मग आईला म्हणाल्या, "ताई, हिचं काम झालं. आता पोट्टी माही." दुसऱ्या दिवशी त्या दुसरीच्या वावरात. त्यांची बोटं बोंडांनी फाटलेली असायची, आणि त्याच बोटांनी त्या आमच्या पोटऱ्या चोळून द्यायच्या.

त्यानंतर कापसाची ती वाईट वर्षं आली. लागोपाठ दोन हंगाम बोंडअळीनं खाल्ले. आजूबाजूच्या गावांतून रोज काहीतरी कानावर यायचं आणि ऐकणारा मान खाली घालायचा. माझ्या बाबांनी बोलणंच सोडलं. सकाळी बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजायचे ते जेवायलाही उठत नसत. एक दिवस आईनं फवारणीच्या औषधाचा डबा पदराखाली घेतला आणि मामाच्या घरी नेऊन ठेवला. तो का नेला, ते मला कळत होतं.

बाईंनी माझी चाल पाहिली. "आज पाय उचलून नाही राह्यली तू. घरी काय झालं?" मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या तशाच माझ्यासोबत घरी आल्या. मला वाटलं, आता बाबांना चार समजुतीच्या गोष्टी सांगतील. कसलं काय! बाजेजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, मले रेघ सरळ मारता येत नाही. तुमच्या पेरणीची तासं सुतासारखी असते म्हणते सारं गाव. मैदानात फक्की मारून द्या ना. पोट्ट्या रेघेवरून रोज भांडून राह्यल्या." बाबांनी कूसही बदलली नाही. बाई दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या. चौथ्या दिवशी बाबा उठले. मला वाटतं, त्यांच्या कटकटीलाच कंटाळून उठले.

दोरी ताणून, वाकून, चुन्याची फक्की मुठीतून सोडत बाबांनी सगळ्या रेघा मारल्या. खरंच, काय सरळ! दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा दारात. "भाऊ, फक्की पुसली." "कशी पुसली?" "पोट्ट्यांच्या पायानं." बाबा पुन्हा गेले. मग हे रोजचंच झालं. पंधरा दिवसांनी बाबा अंगणात उभे राहून कडाडले, "रोज कशी पुसते व ही फक्की? पोट्ट्या खेळते का नांगर चालवते?" आई चुलीपुढून धावत बाहेर आली आणि माझा हात घट्ट धरून कुजबुजली, "चिडले व, चिडले!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

एकदा सराव संपल्यावर माझी ओढणी मैदानावर राहिली, म्हणून मी परत गेले. सूर्य बुडायला आला होता. बाई एकट्याच होत्या आणि हातात खराटा घेऊन रेघा पुसत होत्या. माझा संताप संताप झाला. "बाई! माझे बाबा उन्हात कंबर मोडून रेघा मारतात आणि तुम्ही पुसता?" त्या दचकल्या नाहीत. खराट्यावर हात टेकून म्हणाल्या, "बोंबलू नको. माणसाले सकाळी उठाले काही तरी बाकी लागते. रेघ तशीच राह्यली तं उद्या थो कायले उठंन?" मग म्हणाल्या, "पलीकडच्या गावात एका घरी मी एक दिवस उशिरा पोचलीती. तवापासून उशीर मले खपत नाही." आणि त्या झाडलेलीच जागा पुन्हा झाडू लागल्या. त्यांना तसं मी कधीच पाहिलं नव्हतं. "घरी सांगशीन?" मी नाही म्हणून मान हलवली. ओढणी घ्यायचं विसरूनच गेले.

मी कोणालाच सांगितलं नाही. बाबा हळूहळू बोलायला लागले, मग वावरात जायला लागले. कपाशी कमी केली, तूर वाढवली. वावरात जायच्या आधी फक्की मात्र रोज मारायचे, मी बारावी होऊन गाव सोडेपर्यंत. आमचा संघ जिल्ह्यात उपांत्य फेरीत हरला. बाईंनी सगळ्यांना दहा चकरा मारायला लावल्या आणि मग रसवंतीवर नेलं. आज मी आर्णीला शाळेत खेळ शिकवते, ते त्यांच्यामुळेच.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. यवतमाळच्या दवाखान्यात आठ दिवस होत्या. अखेरच्या निरोपाला इतकी माणसं आली, की कुठल्या कुठल्या गावांतली होती ते कोणाला सांगता येईना. परतताना एसटीत मी आणि बाबा शेजारी बसलो होतो. बाबा आता सत्तरीचे आहेत. माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "बाबा, इतकी वर्षं एक गोष्ट लपवली तुमच्यापासून. फक्की मुलींच्या पायानं पुसत नव्हती. बाईच रोज खराट्यानं पुसायच्या."

बाबा खिडकीबाहेर पाहत होते.

"मले पह्यल्याच महिन्यात समजलं होतं," ते म्हणाले. "पायानं पुसलेली रेघ इस्कटते, खराट्यानं पुसलेली झाडल्यासारखी दिसते. जमिनीतच जल्म गेला माहा, इतकं कळत नाही का?"

"मग बोलला का नाहीत त्यांना?"

"बोललो असतो तं," बाबांनी उपरणं डोळ्यांना लावलं, "बाईनं पुसणं बंद केलं असतं ना व."