पिल्लू शिकेपर्यंत

कुत्रं मी मागितलं नव्हतं. मुलानंच आणलं, द्राक्षांच्या रिकाम्या पेटीत घालून. माझे मालक वारून वर्ष होत आलं होतं. मुलगा ओझरला एका कारखान्यात नोकरीला होता आणि सुनेबरोबर नाशिकमध्ये फ्लॅटवर राहायचा. मळ्यात मी एकटी. पेटी ओट्यावर ठेवून म्हणाला, "आई, तुला राखणीला आणलंय. सोबत होईल."

पेटीत बघते तर पांढरं, झिपरं, वीतभर पिल्लू. शेजारच्या घरातून माझी थोरली जाऊ बघायला आली.

"हे राखण करणार?" ती म्हणाली. "याचीच राखण करावी लागंल. कोंबडा बघून पळंल हे."

"मोठं होईल की, काकू," मुलगा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "घरातच ठेव याला. घरात घाण करू देऊ नको. थोडे दिवस रात्रीचं उठावं लागेल. तू तशीही मोटर चालू करायला उठतेसच."

ते खरं होतं. तेव्हा शेतीची लाइट रात्रीच यायची. झेंडूला पाणी द्यायचं तर उठणं आलंच. पण मोटर एकदा चालू केली की आपलं काम करते. हे नुसतं रडायचं. जाऊ म्हणाली, "बाहेर बांध, रडून रडून गप होतंय." बांधलं. गप झालं नाही. मीच कंटाळून आत आणलं.

मग ऐकून ऐकून कळलं की त्याचं रडणं दोन तऱ्हांचं आहे. एक लांबट, सूर धरल्यासारखं. त्याला नुसतं कुणीतरी जवळ हवं असायचं. त्या रडण्याला मी उठत नसे. बाजेवरून हात खाली सोडायचा, ते बोटं हुंगायचं आणि झोपायचं. दुसरं रडणं तुटक, आणि सोबत पेटी ओरबाडणं. ते ऐकलं की लगेच उठायचं. उचलूनच न्यायचं, कारण चालवलं तर ते उंबऱ्यातच करायचं. शेवग्याखाली ठेवायचं आणि "शू" म्हणायचं. माझी पोरं मी अशीच पायावर धरून, शू शू करून वाढवली. कुत्र्याला वेगळं काय करणार? झालं की लाड नाहीत, बोलणं नाही, सरळ पेटीत. रात्री खेळवलं तर त्याला वाटतं रात्र खेळायलाच असते.

घरात केलं तर जाऊ सांगायची, "नाक घास त्याचं त्यात." मी घासलं नाही. मागच्या गोष्टीचं त्याला काय कळतं? फिनेल टाकून जागा धुवायची. वास राहिला तर पुन्हा तिथंच करतं. आणि दिवेलागणीनंतर पाणी कमी द्यायचं. बाकी त्यात अवघड काही नाही, झोप मोडते एवढंच.

मुलगा दर रविवारी यायचा. आला की चप्पल काढायच्या आधी विचारायचा, "बाहेर करायला लागलं का?" मला वाटायचं, आईला जागरण होतं म्हणून विचारतो. बरं वाटायचं.

दसऱ्याचा झेंडू तोडायला आला तोवर ते शिकलं. स्वतःच उठून दाराशी उभं राहायला लागलं. रविवारी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "दाखव." मी शेवग्याखाली जाऊन शू म्हटलं, त्यानं केलं. मुलगा खूश होऊन हसला. आत गेला, तीच द्राक्षांची पेटी घेऊन आला आणि पिल्लू तिच्यात घातलं. मला वाटलं, इंजेक्शनला नेतोय.

"कुठं नेतो रे?"

"साहेबांकडे. त्यांच्या मिसेसना पाहिजे होतं. पण लहान पिल्लाचं रात्रीचं उठणं, घाण, ते त्यांना नको होतं. मी म्हटलं, आमची आई शिकवून देईल."

"कधी म्हटलास?"

तो पेटीला सुतळी बांधत होता. "आणलं त्याच्या आधीच."

"मग राखणीला आणलं म्हणून का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तू केलं असतंस का?"

केलं असतं. मुलाच्या नोकरीचं काम म्हणून केलं असतं. फक्त बाजेवरून हात खाली सोडला नसता.

काही दिवसांनी तो कामाच्या दिवशीच आला. "आई, तिकडे ते बाहेर करतच नाही गं. रात्रभर रडतं आणि शेवटी गालिच्यावर करतं. साहेब मलाच बोलतात. तू नेमकं काय करायचीस?"

मी सांगणार नव्हते. पण कळ पिल्लाच्या पोटात होती, माझ्या मुलाच्या नव्हे. म्हणून स्कूटरवर मागं बसून गेले.

साहेबांच्या बाई चांगल्या होत्या. घरच्यांच्या कपातच मला चहा दिला. म्हणाल्या, "तुमचा मुलगा म्हणाला, आईला झेपत नाही, कुणीतरी घेऊन जा म्हणते. मलाच वाईट वाटलं, एवढं गोड पिल्लू."

मी मुलाकडे पाहिलं. तो बशीकडे बघत होता.

"झेपत होतं," मी म्हटलं.

पिल्लू माझ्या पायांत लोळलं. बागेत नेऊन शू म्हटलं, त्यानं लगेच केलं. बाई म्हणाल्या, आता मी बघते. थोडं पाणी पाजलं, जरा वेळ थांबलो, मग त्या त्याला घेऊन गेल्या आणि शू म्हणाल्या. त्यांच्यासाठीही केलं. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटत होतं, ते माझ्या आवाजाला करतं. कुत्र्याचं काही चुकलं नव्हतं, तरी परतताना मला त्याचा आणि मुलाचा, दोघांचाही राग आला होता.

पुढे सुनेला मुलगा झाला. तिची बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा दोघं त्याला घेऊन मळ्यात आली. मुलगा म्हणाला, "आई, याला तुझ्याकडे ठेवू म्हणतो. रात्री फार उठतो. तुलाही सोबत होईल."

मी विचारलं, "शी-शू सांगायला लागला की नेणार?"

मुलगा पोराचं दुपटं नीट करायला लागला. सून सरळ आहे. ती म्हणाली, "हो आई, शाळेत घालायच्या आधी नेऊ."

"तू सांगितलंस ते बरं केलंस," मी तिला म्हटलं. "ठेव."

पोराला ठेवून घेतलं. संध्याकाळी मुलगा झोळी बांधायला लागला, माझ्या बाजेला लागूनच. मी त्याला ती सोडायला लावली आणि पलीकडच्या तुळईला बांधायला सांगितली, बाजेवरून हात पोचणार नाही इतकी लांब.