गवताचा माणूस

कोंडाण्याच्या लेण्यांच्या वर डोंगरात एक वाडी आहे. तिथला एक माणूस खालापूरकडे एका फार्महाउसवर राखणदार होता. मालकाच्या घरातल्या तिघांचा त्याने खून केला. गुन्ह्याबद्दल मला शंका नव्हती, आजही नाही. फाशीची शिक्षा झाली, वरच्या कोर्टांनी ती कायम केली आणि दयेचा अर्ज कित्येक वर्षं सरकारदरबारी पडून राहिला.

शेवटी राष्ट्रपतींनी तो फेटाळला. मी इथला वार्ताहर; बातमी मीच भिसेगावच्या घरून पेपरला पाठवली. वाडीत ती कुणाच्या तरी मोबाईलवर पोहोचली.

वाडीने तिचा सरळ अर्थ लावला. देशातला सगळ्यात मोठा माणूस नाही म्हणाला, त्याच्या वर कुणी नाही, म्हणजे फाशी झालीच. देह मिळणार नाही हे लोक धरूनच चालले होते. देह नसला की तिथे गवताचा माणूस करतात. त्याला राखणदाराचा जुना शर्ट घातला, खांद्यावरून नेला, ओढ्याकाठी जाळला. बारावं झालं. पुढे बायकोने पाट लावला आणि ती भिवपुरीकडे नांदायला गेली.

त्यानंतर त्याच्या वकिलाने केलेल्या याचिकेवर कोर्टाचा निकाल आला. अर्ज इतकी वर्षं रखडवला, म्हणून फाशी रद्द, मरेपर्यंत जन्मठेप. ते सांगायला मी वाडीवर चढलो.

त्याची आई अंगणात वरई पाखडत होती.

"मावशी, पोरगा जिवंत आहे. फाशी रद्द झाली."

सूप थांबलं. "जाळला रं आमी त्याला."

धाकटा मुलगा दारात आला. "राष्ट्रपती नाय म्हनला ना? मंग ह्यो मदी कोन?"

"कोर्ट. राष्ट्रपतींचा निर्णयही कोर्ट तपासू शकतं."

"मंग तवाच सांगायचं! आता वयनीला काय मागारी आनू?"

"तू गप रं," आई म्हणाली. मग मला, "सुटंल का पन?"

"नाही. मरेपर्यंत आत. पण तुम्हाला भेटता येईल. मी घेऊन जातो."

"जाळलेल्याला भेटत नाय आमी."

ती पुन्हा पाखडायला लागली. मी उठलो तेव्हा तिने वर न बघता विचारलं, "वाट बघतो का तो आमची?"

घरचं कुणी येणार का, असं तो दर भेटीत विचारतो, हे मला त्याच्या वकिलाने सांगितलं होतं. मी हो म्हणालो.

"मंग आमी काय केलं ते त्याला सांगू नको," ती म्हणाली. "बघू दे वाट."