सावंतांचे खास छर्रे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर मधेच चहा नाकात जाईल तुमच्या.

तर पहिली गोष्ट, मी हुशार माणूस आहे. तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. कुठला रंग किती घट्ट, किती पातळ, गरम-थंड केल्यावर त्याचं काय होतं, हे तपासायचं आणि दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. याचा मला पगार मिळायचा, विश्वास ठेवा. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

रिटायर झाल्यावर मी घणसोली गावात पाटील सरांकडे एअर रायफल शिकायला लागलो. सर मूळचे गावातलेच, आगरी. स्वतःच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांनी दहा मीटरची रेंज काढलीय. वर भाडेकरू, खाली आम्ही. दर मे महिन्यात वाशीच्या एका क्लबाशी आमचा ज्येष्ठांचा सामना असतो, तिघातिघांचा. तीन वर्षं आम्ही हरत होतो. यंदा मात्र खरंच चान्स होता. दातांच्या डॉक्टर कर्वेबाई फॉर्मात होत्या, बँकेतले शिंदेही होते, आणि तिसरा मी. सरांनी तर ऑफिसातली एक फळी पुसून रिकामी करून ठेवलेली. ढालीसाठी.

ती फळी बघून मला राहवेना. म्हटलं, आपला अनुभव कामाला लावू.

आमच्या रायफलीत छर्रा एकेक करून हाताने घालायचा असतो. शिशाचा, जेमतेम मुगाच्या दाण्याएवढा. तो नळीत अलगद बसला तर नेम बसणार. एका व्हिडिओत बघितलं होतं, छर्रे धुवा, सुकवा आणि अख्ख्या डब्याला हलक्या तेलाचा एक थेंब द्या. एक थेंब? पाचशे छर्ऱ्यांना? इतका कंजूषपणा आमच्या घरात नाही. हिच्या माहेरून, गुहागरहून, घाण्याचं खोबरेल येतं. मे महिन्यात अगदी पाण्यासारखं पातळ. दोन चमचे ओतलं. हिने विचारलं, माझं डोक्याचं तेल कुठे गेलं? मी म्हटलं, खेळाच्या सेवेला.

घरी रायफलीत घालून बघितले, सुळकन आत. मग काय, तीन डबे भरले आणि सामन्याच्या सकाळी दोन डबे संघाला वाटले. ‘सावंतांचे खास छर्रे’ म्हणून. नाव मीच दिलं.

बाहेर घामाच्या धारा, आत एसी. पहिले पाच-सहा नेम असे लागले की वाशीवाले वळून बघायला लागले. सातवा छर्रा अडकला. अंगठ्याने रेटला, वाकडा झाला. आठवाही तसाच. डब्यात बघतो तर छर्ऱ्यांवर पांढरट थर! माझ्यातला इन्स्पेक्टर लगेच जागा झाला. शिसं जुनं झालं की पांढरं पडतं, हे मला पाठ. कंपनीने जुना माल खपवलाय, मी जाहीर करून टाकलं.

टेन्शनने मला घाम फुटला. मी म्हटलं, सर, एसी जरा वाढवा ना. त्यांनी वीसवरून अठरावर आणला.

दोन मिनिटांत शिंद्यांनी हात वर केला. मग कर्वेबाईंनी. दोघांचेही छर्रे बसेनात. सरांनी धावत जाऊन स्वतःचे, कोरे छर्रे आणून दिले. तेही अडकले! म्हणजे छर्ऱ्यांचा दोष नाही, बरोबर? तीन रायफली एकाच वेळी बिघडतील कशा? मी सरांना घेऊन मागच्या मोकळ्या जागेत, उन्हात गेलो. पाच मिनिटं उभे राहिलो आणि छर्रा घातला. सुळकन आत! परत हॉलमध्ये आलो, जरा वेळाने पुन्हा अडकला. आता तुम्हीच सांगा, माणूस काय निष्कर्ष काढेल?

मी काढला. मी सगळ्यांसमोर सरांना सांगितलं, की तुमच्या हॉलमध्येच काहीतरी दोष आहे, दार दक्षिणेला आहे का बघा. आणि तोवर एसी सोळावर घ्या, माझं डोकं चालेनासं झालंय.

सरांनी डब्यातला एक छर्रा उचलला, बोटांत चोळला. पांढरा थर विरघळून बोटं चकाकायला लागली. त्यांनी वास घेतला. मग शांतपणे ते बोट आपल्या मिशीवरून फिरवलं.

“सावंत,” ते म्हणाले, “यो खोबरेल हाय.”

मी बघितलं, तिन्ही रायफलींच्या नळ्यांच्या तोंडाशी खोबरेल थिजून बसलेलं. कोरे छर्रे जाणार कुठून? रायफली पुसून परत उभे राहीपर्यंत वेळ संपली. वाशीवाले जिंकले. जाताना सरांनी ऑफिसचा दिवा बंद केला, तेव्हा ती रिकामी फळी दिसली आणि मला फार वाईट वाटलं. कर्वेबाई तर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तोंड उघडायला लावणारी बाई स्वतः तोंड उघडत नाही म्हणजे बघा.

घरी आलो, हिला सगळं सांगितलं. ही हसलीसुद्धा नाही.

“लग्न झाल्यापासून तुम्हाला घरात एकच काम दिलंय,” ही म्हणाली. “थंडीत सकाळी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायची. ती कशासाठी ठेवतो, असं वाटलं तुम्हाला?”

पुढच्या रविवारी मान खाली घालून रेंजवर गेलो. दारातच सरांनी हाताने थांबवलं. मागच्या मोकळ्या जागेत, भर उन्हात, एक प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली होती.

“तुमी तिकरं बसा,” सर म्हणाले. “थोरे पातल व्हा, मंग आत या.”