कोपऱ्यातला आकडा

शर्टांना काजं पाडायच्या मशीनवर एकवीस वर्षं बसलेल्या बाईला सगळा कारखाना काजताई म्हणे. तिथे कापडाच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक चिठ्ठी फिरते. काम झालं की ज्यानं त्यानं तिच्या कोपऱ्यात आपला आकडा टाकायचा. काजताईचा बावन्न. कॉलर लावणाऱ्या तिच्या नवऱ्याचा सत्तेचाळीस.

परदेशी खरेदीदार पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी भाषणच ठोकलं. आमच्याशी व्यापार वाढला की तुमच्याकडेही माणसं मोकळेपणी बोलू लागतील, म्हणाले. सगळ्यात जोरात टाळ्या सरकारी साहेबानं वाजवल्या. मग जेवणाच्या खोलीबाहेर तक्रारपेटी लागली. किल्ली खरेदीदारांकडे. दुसरी किल्ली कुणाकडे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

नवऱ्यानं लिहिलं, ‘कामाच्या वेळी मागच्या दाराला बाहेरून कुलूप असतं.’ भला माणूस! नाव घातलं नाही, सही केली नाही, पण हाताला वळण पडलेलं. कोपऱ्यात सत्तेचाळीस टाकूनच चिठ्ठी पेटीत गेली. तिसऱ्या दिवशी साध्या वेशातल्या दोघा पोलिसांनी त्याला मशीनवरून उठवून नेलं.

त्याला चौदा महिने झाले. चौकीत म्हणतात, असा कुणी माणूस आमच्याकडे नाही. दीर म्हणतो, “वहिनी, तोंडातून ब्रही काढू नका. आम्हाला पोरंबाळं आहेत.”

तिला मूलबाळ नाही. ती रडलीही नाही. सत्तेचाळीस आकडा नव्या कारागिराला मिळाला. कॉलर लागलेले गठ्ठे त्याच्याकडून तिच्याकडेच येतात. दिवसातून पन्नासदा तो आकडा हातात येतो आणि तिला काही म्हणजे काही होत नाही. याचीच तिला कधीकधी लाज वाटते.

आज खरेदीदारांची बाई आली. तिनं सगळ्यांसमोर पेटी उघडली. रिकामी.

“सगळे खूश आहेत, मॅडम,” मॅनेजर म्हणाले.

बाईला ते पटलं नसावं. तिनं प्रत्येकाला कोरा कागद दिला. “नाव घालू नका. पुढच्या महिन्यात मी स्वतः येऊन उघडेन,” एवढं दुभाष्याकरवी सांगून ती गाडीत बसली.

जेवणाच्या सुट्टीत काजताईनं लिहिलं, ‘सत्तेचाळीस नंबरचे आधीचे कारागीर कुठे आहेत?’ घडी घालताना तिचं लक्ष गेलं. कोपऱ्यात बावन्न होता. कधी टाकला, तिला कळलंही नव्हतं.

धागे कापायची कात्री गळ्यातच होती. कोपरा कापायला कितीसा वेळ! तिनं कात्री हातात घेतली, आणि सोडून दिली. त्यांना नेलं तिथेच आपल्यालाही नेतील, असं तिला वाटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिला त्या लाजेखेरीज काहीतरी वाटलं होतं.

तिनं चिठ्ठी तशीच पेटीत टाकली आणि घंटा व्हायच्या आत मशीनवर जाऊन बसली.