खिडकीखालचा कोरडा सदरा

ब्रह्मपुरीजवळच्या तलावावर मी सहलीची बोट चालवतो. तिची खिडकी गळली की तिथेच मासे धरणाऱ्या एका भाऊंना बोलावतो. काम झालं की ते कोरडा सदरा घालून खिडकीखाली बसतात. "आता मारा पानी!" सदरा कोरडा राहिला तरच उठतात.

परवा खिडकी पुन्हा गळली. भाऊंना बोलावून मी पर्यटकांसमोर नाही नाही ते बोललो. ते चौकटीवर वाकले. चौकटीत साचलेलं पाणी बाहेर सोडणारी खालची बारीक भोकं आदल्या दिवशी मीच, गळती समजून, पुट्टीने बुजवली होती, म्हणून पाणी आत उतरत होतं. त्यांनी सायकलच्या तारेने ती मोकळी केली, मग माझ्या नखांतली पांढरी पुट्टी पाहिली.

"माह्याच हातून गलती झाली, साहेब," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मी हात खिशात घातले.