पोटगी आईची, अनुदान बाबाचं

आमचा घटस्फोट झाला तेव्हा माझी दृष्टी जवळजवळ गेलेली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असणार, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं. तसं काही नव्हतं. माझे डोळे शाबूत होते तेव्हाही आम्ही उत्तम भांडायचो. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय मी घरीही घेऊन यायचो. बायको खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत. संध्याकाळपासून अमेरिकेशी बोलत बसायची आणि सकाळी माझ्याशी बोलायला तिच्याकडे फक्त "हं" शिल्लक असायचं. शेवटी दोघांनी मिळून, अगदी शहाण्यासारखा, संमतीने अर्ज केला.

मुलगी माझ्याकडे राहिली. तिची शाळा हडपसरला, माझं दोन खोल्यांचं घरही तिथंच, आणि आईच्या कामाच्या वेळा अशा अडनिड्या. मुलीच्या पालनपोषणासाठी आईने दरमहा पोटगी द्यावी, असं कोर्टाने आदेशात घातलं. मुलगी अल्पवयीन आणि मी तिचा पालक, म्हणून ते पैसे माझ्या खात्यात यायचे. दृष्टी गेल्यावर छापखाना सुटला होता. इंग्रजी शाळांतल्या चार-पाच मुलांना मी घरी मराठी शिकवायचो. त्याच्या जोडीला अंधत्वाच्या दाखल्यावर निराधार योजनेचं सरकारी अनुदान मिळायचं. सगळं मिळून आमचं बरं चाललं होतं.

मग एका महिन्यात अनुदान आलं नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मी शेजाऱ्यांचा हात धरून तहसील कार्यालयात गेलो.

"तुमच्या खात्यात दर महिन्याला बाहेरून रक्कम जमा होते," टेबलामागचा क्लार्क म्हणाला. "ती धरली तर तुमचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातंय. वार्षिक तपासणीत दिसलं, म्हणून थांबवलंय."

"ती पोटगी आहे हो."

"पोटगी तुम्ही देता ना? मग ती वजा व्हायला पाहिजे. ही तर जमा होतेय."

"मी देत नाही. मुलीसाठी येते."

"कुणाकडून?"

"तिच्या आईकडून."

"आईकडून," तो स्वतःशीच म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "पुढच्या सोमवारी मॅडमना भेटा. कोर्टाचा आदेश आणा. आणि जमलं तर त्यांनाही आणा."

"कुणाला?"

"देणाऱ्यांना."

घरी येईपर्यंत मी चांगलाच घाबरलो होतो. मुलीचे पैसे नाकारावेत तर तिची शाळा अडते. घ्यावेत तर माझं अनुदान जातं. संध्याकाळी तिच्या आईला फोन लावला.

"तुझी पोटगी मला महागात पडली," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे मी वेळेवर पैसे दिले म्हणून तुझं नुकसान झालं? संसारात कधी वेळेवर काही केलं नाही म्हणून बोलायचास. आता केलं, तरी तक्रार आहेच." आणि ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. "येते सोमवारी," ती म्हणाली. "झोप काय, नंतर काढीन."

सोमवारी मुलीला शाळेला सुट्टी होती. "पैसे माझ्यासाठी येतात, मग मी नको?" असं म्हणून तीही तयार होऊन बसली. तिचं वय अकरा. या वयात वाद घालायला कुठल्याही पदवीची गरज नसते.

कार्यालयाच्या बाकावर आम्ही तिघं ओळीत बसलो, मुलगी मध्ये. संसाराच्या वर्षांत माझी नजर अधू होत गेली तशी तिच्या आईला एक सवय लागली होती. लोकांचे चेहरे कसे झालेत ते ती मला हळूच सांगायची. घटस्फोटानंतर ते बंद झालं होतं. त्या दिवशी आमचं नाव पुकारलं गेलं, आम्ही क्लार्कच्या टेबलापाशी गेलो आणि तिने आपली ओळख दिली, "मी देणारी." पुढच्याच क्षणी माझ्या कानाशी तिचा आवाज आला.

"तोंड उघडं आहे."

मी ओठ घट्ट मिटले.

"अजून उघडंच आहे. आता माझ्याकडे बघतोय. आता तुझ्याकडे. आता परत माझ्याकडे. टेनिस चाललंय."

माझ्या पोटातून जे वर यायला लागलं, ते खोकल्यात रूपांतरित करायचा मी प्रयत्न केला. तो खोकला कुणालाही पटण्यासारखा नव्हता. मुलीने मला कोपर मारलं. "बाबा, इथं सिरियस राहायचं असतं," ती म्हणाली, आणि त्यावर तिच्या आईला हसू फुटलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही दोघं असे एकत्र हसल्याचं मला आठवत नाही.

"काय चाललंय?" आतून बाईंचा आवाज आला. त्याच त्या मॅडम, नायब तहसीलदार. आवाज असा, की मी न बघताच सरळ उभा राहिलो. आम्ही आत गेलो. त्यांनी आदेश मागितला. पानं उलटण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

"आपण परत लग्न वगैरे केलेलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो. जरा जास्तच जोरात.

"बरं, बरं." मग त्या मुलीकडे वळल्या. "बाळा, आई जे पैसे पाठवते ते कशाला लागतात?"

"शाळेची फी, रिक्षा, बूट, दाताची तार," ती म्हणाली. "बाबा त्यातलं स्वतःला काहीच घेत नाही. एकदा मी म्हटलं वडापाव खाऊ, तर म्हणाला, हे तुझे पैसे आहेत. तू खा, मी बघतो."

"बघतो?" बाई म्हणाल्या.

"तो तसंच म्हणतो सगळ्याला," मुलगी म्हणाली. "टीव्ही पण बघतो."

आधी तिच्या आईच्या नाकातून आवाज आला. मग माझा. मग दारात उभ्या असलेल्या क्लार्कचा. आणि मग, माझा विश्वास बसेना, खुद्द बाई. त्यांचं हसणं अगदी शाळकरी मुलीसारखं होतं, थांबत थांबत, दर वेळी पुन्हा नव्याने सुरू होणारं. क्लार्क पाणी घेऊन आला. कुणासाठी ते ठरेना, तेव्हा तोच प्यायला.

डोळे पुसून झाल्यावर बाई कामाला लागल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "म्हणजे ऐका. पोटगीबद्दल नियमात स्पष्ट ओळ मला दिसत नाही. म्हणून ह्यांनी खात्यात आलेलं सगळं तुमचं उत्पन्न धरलं. त्यांचंही चुकलं असं नाही. पण आदेशात रक्कम मुलीच्या पालनपोषणासाठी आहे. तुम्ही फक्त ती सांभाळता. ही तुमची कमाई नव्हे, असं माझं मत मी लिहून योजनेच्या समितीपुढे ठेवते. निर्णय त्यांचा. तोवर मुलीचं वेगळं खातं उघडा आणि पोटगी त्यात जाऊ दे. म्हणजे पुढच्या वर्षी हसायला परत इथं यायला नको."

बाहेर पार्किंगमध्ये आलो तेव्हा मला अक्षरशः हलकं वाटत होतं, जणू कुणी खांद्यावरून पोतं उतरवलं होतं. "आता?" मी विचारलं.

"आता रस," मुलीची आई म्हणाली. "लोणीकडे जाताना एक रसवंती आहे. बसा माझ्या स्कूटरवर."

एका स्कूटरवर तिघांनी बसणं नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. मुलगी मध्ये, मी मागे, दोन्ही हात मागच्या दांडीला. सोलापूर रस्त्याला लागल्यावर वारा तोंडात शिरायला लागला. तिची आई पुढून ओरडून वर्णन करत होती, "उजवीकडे ट्रक! ट्रकवर लिंबू-मिरची! ड्रायव्हरला शिंक येतेय! आली नाही!" आणि मी मागून "पुढे काय झालं?" म्हणून ओरडत होतो. मुलगी दोघांच्या मध्ये दाबली जाऊन किंचाळत होती. ती खूश होती की गुदमरत होती, ते कळायला मार्ग नव्हता.

रसवंतीवाल्याने आले-लिंबू घालून तीन ग्लास भरले आणि आपुलकीने म्हणाला, "फॅमिली कुठं निघाली?"

"तशी फॅमिली नाही," ती म्हणाली. "मी पोटगी देते."

त्याने मला विचारलं, "आन् तुम्ही?"

"मी घेतो."

"चांगलं हाय की," तो म्हणाला, आणि न सांगता आमच्या ग्लासांत आणखी रस ओतला.

मुलीचं खातं त्याच आठवड्यात उघडलं. समितीचा निर्णय यायला मात्र काही महिने गेले. तो काळ काटकसरीत काढला. तिच्या आईने किराणा भरून द्यायची तयारी दाखवली. "तेही उत्पन्नात धरतील," असं म्हणून मी नको म्हटलं, तर ती मला वेड्यात काढत दारात पिशवी ठेवून पळाली.

मग एका संध्याकाळी कार्यालय सुटता सुटता क्लार्कचाच फोन आला. "मंजूर झालं साहेब. मागचं थकलेलंही मिळेल. आणि मॅडमनी विचारलंय, मुलगी कशी आहे."

मी लगेच तिच्या आईला फोन लावला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "मीटिंगमध्ये आहे."

"मंजूर झालं."

पलीकडून जो आरडाओरडा झाला, तो मी फोन हातभर लांब धरूनही ऐकला. मग ती कुणाला तरी घाईघाईने इंग्रजीत समजावत होती, की माफ करा, माझ्या आधीच्या नवऱ्याचं सरकारी अनुदान परत सुरू झालंय. थोडा वेळ कुणालाच काही कळलं नसावं. मग तिकडून एका अमेरिकन बाईचा प्रेमळ आवाज आला, "कॉंग्रॅच्युलेशन्स टु यू बोथ!"

"थँक्यू," मी इकडून ओरडलो.