लाल हँडलचा दोरा

दसऱ्यानंतरचा तिसरा रविवार, सकाळ. ठिकाण: भाट्याच्या पलीकडचा सडा, समुद्रावर कड्याने तुटलेलं कातळाचं पठार. हजर: पॅराग्लायडिंग शिकवणारे सर, बोटीवरून निवृत्त झालेले कप्तान आणि मी. गैरहजर: आमच्यातली चौथी, बँकेतली ताई. ती आपलं सामान घेऊन आदल्याच दिवशी पुण्याजवळच्या डोंगरावर उडायला गेली होती.

हंगामातलं पहिलं उड्डाण. त्याआधीची तपासणी माझ्याकडे असते. पट्टे, बकलं, हेल्मेट, वॉकीटॉकी, राखीव पॅराशूट. सगळ्यांचं सगळं मी बघते आणि कुणी घाई केली तर ओरडतेही.

कप्तान आधी उडून खाली वाळूवर उतरले. मग मी निघाले. कड्यापासून जरा पुढे गेले आणि डोक्यावरच्या कापडी पंखाची उजवी बाजू एकदम मिटली. मी कड्याकडे गरगरत वळले. अशा वेळी शेवटचा आधार राखीव पॅराशूट. त्याचं लाल हँडल उजव्या कुशीशी असतं, ते उपसून बाहेर फेकायचं. मी ओढलं. आलं नाही. पुन्हा ओढलं.

दोरा! दसऱ्याला चौघांचं सामान ओटीवर मांडून मी पूजा केली होती. झेंडू, हळदकुंकू, आणि प्रत्येकाच्या लाल हँडलला पट्ट्यासकट दोऱ्याचे तीन वेढे. जीव वाचवणारी वस्तू, म्हणून मुद्दाम तिलाच. गाठ घट्ट, कारण सैल काम मला चालत नाही. सकाळी तपासताना दोरा दिसला होता. बरंच वाटलं होतं.

"हँडल सोडा!" सड्यावरून सर वॉकीटॉकीवर ओरडले. "डावीकडे झुका. डावा ब्रेक, हलका. कड्यापासून लांब!"

झुकले. गरगर थांबली. उजव्या ब्रेकची दोरी खोल ओढून सोडली, तसा पंख फटकन उघडला. वाळूवर गुडघ्यांवरच उतरले.

कप्तान धावत आले. हँडल बघून हसायला लागले. "वहिनी, हे काय? पॅराशूट पळून जाईल म्हणून बांधून ठेवलंत काय?"

मग त्यांनी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिलं. हसणं तिथेच थांबलं. खिशातला चाकू काढून त्यांनी आधी आपला दोरा कापला, मग माझा.

सर खाली आले. "हे तपासलं कोणी?"

"मीच."

त्यांनी वाळूतले दोरे उचलले. "माझा मी वर जाऊन काढतो. ताईंचा?"

ताई दुपारी उडणार होती. मी तिथेच वाळूत बसून फोन लावला. लागला नाही. सरांनी तिथल्या ओळखीच्या माणसाला लावला, तोही बंद. "हँडलचा दोरा काप, मगच उड," असा मेसेज मी ताईला टाकला. त्यापुढे एकच टिक आहे, म्हणजे अजून पोचलेला नाही. मी पुन्हा फोन लावते आहे.